उराडे अर्जनवीसांची इंग्रजी कवेलू

सुकलूजींच्या पोह्यांच्या बशीत छपरावरच्या कवेलूचा तुकडा पडला, तेव्हा दादाजी उराडे यांनी वर पाहिलंच नाही. वर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. वर वानर होतं. गडचिरोलीत ज्या घरावर वानर उड्या मारत नाही त्या घरात बहुधा माणूसही राहत नसतं. दादाजी बघत होते सुकलूजींच्या तोंडाकडे. कारण सुकलूजी वडशाहून आपल्या मुलासाठी दादाजींच्या कमळाला पाहायला आले होते, त्यांची स्वतःची धानाची गिरणी होती, आणि तुकडा नेमका त्यांच्याच बशीत, वरच्या ओल्या नारळासकट पोहे उडवत पडला होता.

सुकलूजींनी तो तुकडा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. धोतरावरचे पोहे झटकले.

"घर मस्त हाय जी तुमचं," ते म्हणाले, "फकत आभाळ जरा जवळ वाटून राह्यलं."

सगळे हसले. मुलगा हसला, मुलाची आई हसली, दाराआड उभी असलेली कमळासुद्धा पदर तोंडात धरून हसली, आणि त्या हसण्यातच लग्न ठरून गेलं. वैशाखातली तारीख निघाली. घरात आनंदी आनंद झाला. फक्त दादाजींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

"लगीन ठरलं ना जी? मंग तोंड काऊन असं?" त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं विचारलं.

"तो मले हसला."

"पोहे त्याच्या आंगावर पडले. तो रडला असता त बरं झालं असतं का?"

पण मानी माणसाला बायकोचं म्हणणं पटून चालत नाही. दादाजींनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "लग्नाच्या आंदी या घरावर इंग्रजी कवेलू चढली नाई, त उराडे नाव लावणार नाई!"

"मंग काय लावसान?" रुखमाबाईनं विचारलं आणि ती भांडी घासायला गेली.

आता हे दादाजी कोण, तर तहसील कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसणारे अर्जनवीस. पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर दौत, कानावर टाक. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज ते लिहीत, आणि ज्याला लिहिता येतं तोही अर्ज त्यांच्याकडूनच लिहवून घेई, कारण नुसतं लिहिता येणं वेगळं आणि सरकारला समजेल असं लिहिता येणं वेगळं. आपला एक अर्ज वाचून एका तहसीलदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं ते सांगत. तहसीलदाराचे डोळे आले होते असं काही लोक म्हणत, पण ते जाऊ द्या. एवढं मात्र खरं, की दादाजींनी लिहिलेला अर्ज कचेरीतून कधी परत आला नव्हता. त्यांचा सगळा रुबाब या एका गोष्टीवर उभा होता.

आणि कवेलूचं म्हणाल तर गावात सगळी घरं देशी कवेलूंची. कुंभारानं थापलेली, अर्ध्या नळीसारखी, एकावर एक पालथी घातलेली. दर उन्हाळ्यात ती उतरवून पुन्हा फेरायची, फुटकी काढायची, नवी घालायची, आणि फेरणी संपून माणूस शिडीवरून खाली उतरला की वानरांनी शिडीशिवाय वर चढायचं, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. इंग्रजी कवेलूंची गोष्ट वेगळी. ती चपटी, लालबुंद, कारखान्यात साच्यातून काढलेली, एकमेकींत अडकणारी. त्यांच्यावरून वानर घसरतं आणि अपमान झाल्यामुळे परत येत नाही, असा समज होता. आणि योगायोग बघा, सरकारी डाकबंगल्यावर सिमेंटचे पत्रे आल्यामुळे तिथली इंग्रजी कवेलू उतरवून तहसीलच्या आवारात रचून ठेवली होती. जो रीतसर अर्ज करील त्याला ती मिळणार होती. रीतसर अर्ज! दादाजींना मनातल्या मनात हसू आलं. हे म्हणजे कोतवालाच्या घरी दवंडी पिटण्यासारखं झालं.

शेजारी लच्छू मास्तर राहत. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते शेजाऱ्यांना शिकवत.

"दादाजी, आंदी जुनी कवेलू उतरवा," ते म्हणाले. "सरकारचं असं असते, गरज उघडी दिसली पायजे. घरावर छप्पर दिसलं, की सायेब म्हणन, याचं भागून राह्यलं."

हा सल्ला दादाजींना फार खोल वाटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणसं लावून सगळं छप्पर उतरवलं आणि जुनी कवेलू मोठ्या मनानं गल्लीत वाटून टाकली. कोणी गोठ्यावर घातली, कोणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. खाली घरात लख्ख ऊन आलं. रुखमाबाईनं उघड्या वाशांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि चूल मांडायला सावली कुठे सापडते ते बघत अंगणात गेली. वानरांचा कळप नेहमीच्या वेळी आला. उघड्या वाशांवर चार पावलं टाकून पुढारी वानर थांबलं, आणि छप्पर कोणी नेलं अशा मुद्रेनं बराच वेळ खाली घरात बघत बसलं.

दादाजींनी अर्ज लिहिला. जन्मात लिहिला नव्हता असा लिहिला. विषय: 'इंग्रजी कवेलू मिळण्याबाबत'.

इथे एक अडचण होती, ती त्यांच्या ध्यानात आली नाही. आपला मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, आणि त्या नव्या राज्यानं गडचिरोलीला जे नायब तहसीलदार पाठवले ते थेट राजापूरकडचे होते. माणूस सज्जन, कामाला कडक, पण झाडीच्या मुलखात नवा. त्यांनी अर्ज वाचला. भाषा सुंदर होती. 'कवेलू' हा शब्द मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोणाला विचारावं तर साहेबपणाला बाध येतो. आजूबाजूला जंगल, कचेरीच्या भिंतीवर वाघाचं कातडं. साहेबांनी अंदाज बांधला आणि शेरा मारला: 'प्राणी वन्य असल्यास अर्ज जंगल खात्याकडे वर्ग करावा.'

आठवड्याभरानं जंगलगार्ड दादाजींच्या दारात उभा. हा इथलाच गडी, लहानपणी दादाजींच्याच अंगणात खेळलेला. डोकं खाजवत म्हणाला, "दादाजीभाऊ, कवेलू म्हंजे काय ते तुमाले मालूम, मले मालूम. पन वरतून विचारलं हाय, का हा प्रानी कुठी कुठी दिसते. आता मी काय लिवू?"

"लिव, घरावर दिसते!" दादाजी ओरडले.

गार्ड आज्ञाधारक होता. त्यानं लिहिलं: 'घरांवर दिसतो. जंगलात दिसत नाही. माणसाळलेला असावा.' कागद फिरत फिरत साहेबांकडे गेला, आणि साहेबांनी पुढचा शेरा मारला: 'माणसाळलेला असल्यास गुरांच्या दवाखान्याचा अभिप्राय घ्यावा.' दवाखान्यानं अभिप्राय दिला, की अशा जनावराची नोंद नाही. आणि अर्ज परत आला.

परत आला! चिंचेखाली बसलेल्या दादाजींच्या हातात शिपायानं तो चारचौघांत ठेवला. पानाच्या ठेल्यावर उभ्या असलेल्या लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, हे तर जास्तच लागलं. अंगावर कोणी हसलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शिपायाला दया आली. तो कानाशी लागून म्हणाला, "दादाजी, सायेब त्याले कौल म्हनते. त्याच्या घरी बोलता आयकलं मी. तुमी कौल लिवा."

दादाजींनी दुसरा अर्ज लिहिला. 'कौल मिळण्याबाबत.' आणि नशीब असं, की नेमके साहेब सिरोंच्याच्या दौऱ्यावर गेलेले. अर्ज पडला बडे बाबूंच्या टेबलावर. बडे बाबू म्हणजे कचेरीतले सर्वांत जुने कारकून. त्यांच्या लेखी राज्यं येत आणि जात, फाइल राहते. 'कौल' वाचताच त्यांच्या भिवया टोपीत गेल्या. त्यांच्या जमान्यात कौल म्हणजे एकच, पडीत जमीन कसायला देण्याचा करार. त्यांनी दादाजींना बोलावून घेतलं.

"दादाजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नवती. मालगुजारी गेली, मालगुजार गेले, आन तुमाले आता कौल पायजे?"

"बाबूजी, घरावर टाकाचा कौल!"

"घरावर का टाका, का वावरात टाका, जमीन ते जमीनच. मोजनी झाल्याबिगर काई होत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पटवारी साखळी घेऊन हजर. त्यानं अंगण मोजलं, माजघर मोजलं, साखळी तुळशीवरून घेतली, चुलीपाशी नेली. दादाजी मागे मागे हात हलवत सांगत होते, की हा गैरसमज आहे. पटवारी म्हणत होता, की गैरसमज असो का काही असो, आकडा बरोबर आला पाहिजे. रुखमाबाई मात्र शांत होती. तिनं पटवाऱ्याला चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, मोजूनच राह्यले त लग्नाच्या मांडवाचंबी मोजून द्या. वडशावाले लय मानसं आनतीन." पटवाऱ्यानं तेही मोजून दिलं. या सगळ्या उद्योगातून निघालेली तेवढीच एक कामाची गोष्ट. कचेरीत मात्र त्यानं लिहून दिलं: 'जागेवर छप्पर नसल्याने जागा पडीत दिसते.'

त्या दिवशी दादाजी चिंचेखाली बसले खरे, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. एटापल्लीकडच्या रानातून लालसू नावाचा एक गावपाटील आला होता. खांद्यावर कुऱ्हाड, डोक्याला पागोटं. त्याला गोंडी येई, मराठी मोजकीच. त्याच्या गावात नवी शाळा झाली होती, भिंती उभ्या होत्या, वर काही नव्हतं.

"काय पायजे?" दादाजींनी न बघताच विचारलं.

"शाळावर टाकाचं पायजे. लाल. तिकडं पडलं हाय," लालसूनं कचेरीच्या बाजूला हात केला.

दादाजींच्या डोक्यात पटवाऱ्याची साखळी खणखणत होती. त्यांनी टाक बुडवला आणि तो सांगेल तसं लिहून टाकलं: 'आवारात पडलेलं लाल सामान आमच्या गावच्या शाळेवर टाकायला द्यावं. पोरं उन्हात बसतात.' ना मायना, ना 'सेवेशी सादर', ना शेवटी 'कृपाभिलाषी'. एवढा उघडाबोडका अर्ज त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. लालसूनं अंगठा उठवला आणि तो कचेरीत गेला. दादाजी विसरूनही गेले.

संध्याकाळी ओट्यावर सभा बसली. छप्पर नसल्यामुळे अख्खी गल्ली आता दादाजींच्या घरात सरळ बघू शकत होती, त्यामुळे सभेला बोलावणं लागत नसे. लच्छू मास्तर होते, आणि समोरचे बांगड्यांचे दुकानदार नूरुद्दीन होते. दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

"मूळ शब्दात जा दादाजी, मूळ शब्दात," मास्तर म्हणाले. "कवेलू आलं संस्कृतातल्या कपालातून. कपाल म्हंजे खापरी, आन कपाल म्हंजे कपाळबी."

"तरीच फुटून राह्यलं माझं," दादाजी म्हणाले.

"देखो दादाजीभाऊ," नूरुद्दीन म्हणाले, "बडे बाबूचा कौल तो अलग है. वो अपना अरबी का कौल. कौल म्हंजे जबान, दिलेला शब्द. आदमीनं कौल दिला, के बात पक्की."

"पन मले कोनी शब्द देऊन नाई राह्यलं नूरुद्दीनभाई! मले मातीचं पायजे!"

"म्हनून सांगतो," मास्तरांनी बोट वर केलं, "दोनी झगडे सोडा. इंग्रजी वस्तू हाय ना? तिले इंग्रजीत हाका मारा. टाइल! लॅटिनातून आला शब्द. तेगुला. म्हंजे झाकनारी. जगभर चालते. साऱ्या घरांले तिनं झाकलं, तुमालेच काऊन नाई झाकनार?"

चुलीपाशी रुखमाबाई भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "झाकनारी येईस्तोवर मले एक बांबूचा तट्टा त आनून द्या कोनी. भाकरीवर कावळा बसून राह्यला."

पण विद्वान मंडळींना तट्ट्यासारख्या गोष्टी ऐकू येत नाहीत. तिसरा अर्ज गेला: 'इंग्रजी टाइल मिळण्याबाबत.' कचेरीत अर्जाची नक्कल करणारा कारकून होतकरू होता. 'टाइल' हा शब्द त्याला चुकलेला दिसला. एवढ्या मोठ्या अर्जनवीसाची चूक साहेबांपुढे कशी जाऊ द्यायची? त्यानं आदरापोटी ती दुरुस्त केली, आणि अर्ज झाला 'इंग्रजी फाइल मिळण्याबाबत'.

या वेळी आला हवालदार.

"इंग्रजांच्या टाइमची फाइल तुमाले कायले पायजे दादाजी?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. गल्लीनं श्वास रोखला. इंग्रजांची फाइल, दादाजी, आणि पोलीस! अर्ध्या तासात सगळीकडे झालं, की उराडे अर्जनवीस बेचाळीसच्या चळवळीत होते, चिमूरला होते, आणि इतकी वर्षं गप्प बसून आता आपली फाइल मागत आहेत. हवालदारानं टाचा जुळवून सलाम ठोकला. कोणीतरी झेंडूचा हार आणला आणि दादाजी तोंड उघडायच्या आत त्यांच्या गळ्यात घातलाही.

दादाजी हाराकडे बघत राहिले. इतके दिवस चाललेल्या मानहानीवर हा हार अगदी गार लेपासारखा बसला होता. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांना तो गळ्यात ठेवावासा वाटला. मग त्यांनी तो काढला.

"नाई जी," ते म्हणाले. "चिमूरच्या लोकांनी जे सोसलं, त्यातलं एक फूलबी माह्या गळ्यात शोभत नाई. त्या टाइमाले मी सासुरवाडीले भुट्टे खाऊन राह्यलो होतो. मले कवेलू पायजे, बाप्पा. नुसती कवेलू."

हार शाळेतल्या झेंड्याच्या खांबाला गेला. लोक जरा हिरमुसले, पण घरी गेल्यावर दादाजींबद्दल बरंच बोलले म्हणतात.

वैशाख लागला, लग्न आठवड्यावर आलं. वडशाहून निरोप आला की वऱ्हाड ठरल्यापेक्षा मोठं येईल, कारण सुकलूजींनी पोह्यांची गोष्ट सगळ्या नात्यात सांगितली होती आणि ते घर बघायची सगळ्यांनाच हौस लागली होती. हे ऐकल्यावर दादाजींनी चौथा अर्ज लिहिला. आता फट म्हणून ठेवायची नाही. बडे बाबू हिंदीत खपरा म्हणत, सिरोंच्याहून बदलून आलेला एक चपराशी तेलुगूत पेंकू म्हणे. दादाजींनी लिहिलं: 'कवेलू, कौल, खपरा, टाइल, पेंकू मिळण्याबाबत.' आता जगातला कोणताही साहेब येवो.

बडे बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"दादाजी, एका अर्जात एकच वस्तू मागता येते. पाच वस्तू असतीन त पाच अर्ज करा."

दादाजींच्या आत काहीतरी तुटलं. जन्मभर त्यांनी कचेरीचा उंबरठा वहाणा काढून ओलांडला होता. आज ते वहाणांसकट आत घुसले, थेट नायब तहसीलदारांच्या खोलीत. बडे बाबू मागे, शिपाई त्यांच्या मागे. साहेब मान वर करतात न करतात तोच दादाजींनी त्यांचा हात धरला, आणि एका अर्जनवीसानं एका नायब तहसीलदाराला भर दुपारी हाताला धरून आवारात नेलं. तिथे भिंतीच्या सावलीत लाल कवेलूंची रास होती. दादाजींनी साहेबांचा हात उचलून त्या राशीवर ठेवला.

"हे, सायेब. मले हे पायजे."

साहेब राशीकडे बघत राहिले. मग दादाजींकडे. "अहो, म्हणजे... हे? ही कौलं?"

"हो जी."

"तो कवेलू म्हणजे हे? मी त्याला गुरांच्या दवाखान्यात पाठवलं!" आणि साहेबांना हसू फुटलं. कडक माणूस एकदा हसायला लागला की त्याला थांबता येत नाही. साहेब कवेलूंच्या राशीवरच बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. बडे बाबूंना हसावं की नाही याचा नियम आठवेना, म्हणून ते नुसतेच उभे राहिले.

हसणं ओसरलं, तसे साहेब गंभीर झाले. "उराडे, पण घोटाळा झालाय हो. ही रास मी गेल्या आठवड्यातच देऊन टाकली. एटापल्लीकडच्या एका गावच्या शाळेला. गाड्या आज यायच्या आहेत. तो अर्ज इतका सरळ होता, वाचला आणि सही केली." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "चूक माझी आहे. तुमचा अर्ज आधीचा. मी तो हुकूम रद्द करतो. आत्ता करतो."

"तो अर्ज लालसूचा होता का जी?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

दादाजी राशीवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी सुकलूजी आले, बशी आली, हसणारं वऱ्हाड आलं. इंग्रजी कवेलू हाताला गार आणि गुळगुळीत लागत होती. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी पुरे होतं. एवढ्यात फाटकातून लालसूच्या बैलगाड्या आत आल्या. गाड्यांत मऊ तणस अंथरलेलं, कवेलू फुटू नयेत म्हणून. लालसूनं दादाजींना बघून हात उंच केला आणि आपल्या माणसांना गोंडीत काहीतरी सांगितलं. सगळी माणसं दादाजींकडे बघून हसली. हसणं निराळंच होतं.

"सायेब," दादाजी म्हणाले, "हुकूम राहू द्या. मी लिवलेला अर्ज आजवर वापस आला नवता. माहे सोताचे आले, ते आले. आता हाबी मीच वापस आनू? पोरं उनात बसून राह्यली."

लालसूला ही भानगड समजायला थोडा वेळ लागला. शिपायानं मोडक्यातोडक्या गोंडीत सांगितली. तो चालत दादाजींच्या घरी आला, मागोमाग साहेब आणि बडे बाबूही आले. तो आत डोकावला, आणि आभाळ बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"अर्दं तू घे, भाऊ," तो म्हणाला. "पोरीचं लगन हाय."

"आन शाळा अर्दी झाकतो का?" दादाजी म्हणाले. "घेऊन जा बाप्पा. सारं घेऊन जा."

लालसूनं वाशे डोळ्यांनी मोजले. मग त्यानं आपल्या माणसांना हाक मारली. कवेलूंच्या गाड्या तशाच सोडून ती माणसं रानाकडे गेली, आणि परत आली तेव्हा माणसं दिसत नव्हती, चालत येणारं जंगलच दिसत होतं. डोक्यांवर बांबू, जांभळाच्या डहाळ्या, सिंदीची पानं. साहेबांनी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबूंनी पहिल्यांदाच एखादा नियम न विचारता सांगितला, "मांडवाच्या डहाळ्या गावाच्या हक्काच्या, सायेब. अर्ज नाई लागत."

सूर्य मावळायच्या आत दादाजींचं घर वरपासून अंगणापर्यंत हिरवंगार झालं. रुखमाबाईनं त्या माणसांना जेवल्याशिवाय कवेलूंच्या गाड्या घेऊन जाऊ दिलं नाही, आणि लालसूला लग्नापर्यंत थांबवून घेतलं.

पुढे मृगाच्या आधी दादाजींनी मुकाट्यानं कुंभाराकडून देशी कवेलूच घेतली, ती रुखमाबाईनं स्वतः उभं राहून निवडली. पण ते पुढचं. वऱ्हाड आलं वैशाखाच्या कडकडीत उन्हात, गाड्यांतून हादरत, घामानं निथळत, आणि दादाजींच्या दारात पाऊल टाकताच गार झालं. घरभर जांभळाच्या पानांचा वास. सुकलूजींनी मान वर केली, हिरव्या छपराकडे पोटभर पाहिलं, टोपी काढून वारा घेतला आणि तिथंच तट्ट्यावर बैठक मारली.

"दादाजी," ते म्हणाले, "आमी चार दिवस राहावं म्हनतो."

कमळाचं लग्न झालं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, रुखमाबाई रडली आणि रडता रडता किती पत्रावळी लागतील ते सांगत राहिली. नायब तहसीलदार साहेबही आले होते. हातात आहेर, अंगात कोट, आणि कोणाच्या शेजारी बसावं ते न समजल्यामुळे ते बसले लालसू आणि नूरुद्दीन यांच्या मध्ये. पंगत वाढली. दादाजी स्वतः वाढायला आले.

साहेबांनी पानातली खमंग तळलेली वडी उचलली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. "वा! उराडे, हे काय आहे?"

"सांबारवडी, सायेब."

साहेबांचा हात थांबला. कोट घातलेला माणूस एकदम ताठ झाला. "सांबार? म्हणजे सांबर?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "उराडे, आनंदाच्या प्रसंगी बोलू नये, पण शिकारीचा परवाना..."

नूरुद्दीनना ठसका लागला. लच्छू मास्तरांनी शब्दाचं मूळ सांगायला बोट वर केलं, पण रुखमाबाईनं लांबून डोळे वटारले आणि बोट खाली आलं. दादाजींनी टोपल्यातली एक वडी घेतली, साहेबांसमोर मधोमध मोडली आणि आतला हिरवागार सांबार, म्हणजे साहेबांकडची कोथिंबीर, त्यांना दाखवला.

"आंदी खा, सायेब," ते म्हणाले. "चौकशी मंग करा."

आणि त्यांनी साहेबांच्या पानात आणखी दोन वाढल्या.